आधी खुबा, मग रस्ता : फोंड्यातला नव्याने धावणाऱ्यांचा व्यायामवर्ग

गोव्यातल्या फोंड्यात एक फिजिओथेरपिस्ट ताई नव्याने धावायला लागलेल्यांसाठी पायांच्या बळकटीचा वर्ग घेतात. मी तीन महिन्यांचा पूर्ण कोर्स केला. चाळिशीच्या आसपास पहिल्यांदाच धावायचं मनात घेतलेल्या प्रत्येकाने महागडे बूट घेण्याआधी या वर्गाचे पैसे भरावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. ताईंना जाहिरात नको आहे म्हणून नाव लिहीत नाही. फर्मागुडीकडून बाजाराकडे उतरताना लागणाऱ्या एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर हा हॉल आहे, एवढ्यावर फोंडेकरांना पत्ता लागेल.

मी म्हार्दोळला राहते, हायस्कुलात शिकवते. आमच्या शाळेतल्या दोघीजणी मोठ्या उत्साहाने पहाटे धावायला लागल्या आणि दीड-दोन महिन्यांत एकीची नडगी आणि दुसरीचा गुडघा धरला. दोघींनीही धावणं कायमचं सोडलं, याचं मला फार वाईट वाटलं. त्यामुळे काहीही दुखत नसतानाच मी ताईंकडे गेले. असे लोक कमी येतात, असं त्या म्हणाल्या. बहुतेक जण लंगडत येतात.

पहिल्या भेटीत धावायला लावत नाहीत. आधी पूर्वीच्या दुखापती विचारतात, आणि अगदी खोदून विचारतात, कारण आधी कधी पाय दुखावला असेल तर पुन्हा दुखावण्याची शक्यता वाढते. मग एका पायावर उभं राहून हळूहळू बसायला सांगतात आणि समोरून मोबाइलवर चित्रण करतात. ते लगेच दाखवतात. माझा डावा गुडघा दरवेळी अंगठ्याच्या बाजूला आत वळत होता आणि उजवीकडची कंबर खाली जात होती. आरशासमोर उभी राहिले असते तरी माझ्या हे लक्षात आलं नसतं. त्यानंतर भिंतीला बोटं टेकवून एका पायावर टाच उचलायची, थकेपर्यंत. साधारण २५ वेळा जमावं अशी अपेक्षा असते. दोन पायांमधला फरक त्या वहीत लिहून ठेवतात आणि महिन्याने पुन्हा मोजतात.

पहिले सहा आठवडे मुख्य भर खुबा, पोट आणि कंबर यांच्यावर. गुडघ्याची काळजी घ्यायला आलो तर तुम्ही कमरेचं का करून घेता, असा प्रश्न आमच्या बॅचमधल्या एका काकांनी विचारला. ताईंनी दिलेलं उत्तर मला या वर्गातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते. धावताना प्रत्येक पावलाला शरीर एकाच पायावर पडतं आणि त्या पायावर वजनाच्या दुप्पट-तिपटीने भार येतो. त्या क्षणी खुब्याच्या बाजूचे स्नायू ढिले पडले की कंबर एका बाजूला कलते, मांडी आत वळते आणि त्याचा ताण गुडघ्याच्या वाटीवर, नडगीवर येऊ शकतो. दुखतं खाली, पण कारण पुष्कळदा वर असतं.

त्यांनी फिनलंडमधल्या एका अभ्यासाचीही माहिती दिली. तो २०२४ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’मध्ये आला. नव्याने धावणाऱ्या ३२५ प्रौढांचे तीन गट केले होते. एका गटाला खुबा आणि पोट-कंबरेचे व्यायाम, दुसऱ्याला घोटा आणि पावलाचे, तिसऱ्याला नुसतं स्ट्रेचिंग. २४ आठवड्यांत खुबा-कंबरवाल्या गटात अतिवापराने होणाऱ्या दुखापतींचं प्रमाण स्ट्रेचिंगवाल्यांपेक्षा ३९ टक्क्यांनी कमी राहिलं, आणि त्यातल्या गंभीर दुखापतींचं ५२ टक्क्यांनी. घोटा-पावलाच्या गटाला असा फायदा दिसला नाही. उलट तिथे अचानक होणाऱ्या दुखापती जास्त आढळल्या. याउलट ब्राझीलमधल्या २०२० च्या अभ्यासात पावलाच्या लहान स्नायूंचे व्यायाम करणाऱ्यांना वर्षभरात दुखापती कमी झाल्या होत्या. ताई दोन्ही गोष्टी सांगतात. एकीवर बोट ठेवून दुसरी झाकत नाहीत. पावलाचे व्यायाम त्या देतात, पण उशिरा आणि थोडे थोडे. हा प्रामाणिकपणा मला फार भावला.

प्रत्यक्ष व्यायाम दिसायला साधे आहेत. पाठीवर झोपून कंबर उचलायची, आधी दोन पायांवर, मग एका. कुशीवर कोपर टेकवून अंग सरळ धरायचं आणि जमायला लागलं की वरचा पाय उचलायचा. गुडघ्यांच्या वर रबरी पट्टा लावून अर्धवट बसून आडवं चालायचं. माझ्या अंगाला सगळ्यात जास्त लागला तो पायरीचा व्यायाम. साधारण वीतभर उंचीच्या पायरीवर एका पायावर उभं राहायचं, दुसऱ्या पायाची टाच अगदी सावकाश जमिनीला टेकवायची आणि पुन्हा वर यायचं. गुडघा दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला पाहिजे. ताई समोर उकिडव्या बसून गुडघ्याकडे बघत राहतात आणि तो जरा आत गेला की बायकांना ‘ताई, गुडघा बाहेर’ म्हणतात, काकांना ‘काका, घाई नको’. मोबाइलवर हेच व्यायाम फुकट मिळतात हे मला ठाऊक आहे. पण मोबाइल तुमच्या गुडघ्याकडे बघत नाही. पैसे त्या नजरेचे आहेत.

पोटरीचे व्यायाम दोन प्रकारे करून घेतात, गुडघा ताठ ठेवून आणि गुडघा वाकवून. पोटरीत वरचा एक मोठा स्नायू आणि त्याच्याखाली दुसरा चपटा स्नायू असतो. गुडघा वाकवला की वरचा सैल पडतो आणि खालच्याला काम करावं लागतं. सावकाश धावताना हाच खालचा स्नायू खूप भार उचलतो, तरी घरी व्यायाम करणारे त्याला विसरतात. हे मी आता आमच्या घराच्या सोप्याच्या चिऱ्याच्या पायरीवर करते. पावसात त्याच पायरीवर शेवाळ धरतं, तेव्हा आतल्या खोलीत उंबऱ्यावर.

धावण्याचा भाग चौथ्या आठवड्यापासून सुरू होतो, एक मिनिट धावणं आणि दोन मिनिटं चालणं असा. दर आठवड्याला धावणं फक्त दहा टक्क्यांनी वाढवा, हा नियम तुम्हीही ऐकला असेल. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनला २००८ साली ५३२ नवख्यांवर तो तपासला गेला. हळूहळू वाढवत नेणाऱ्यांमध्ये आणि नेहमीच्या पद्धतीने तयारी करणाऱ्यांमध्ये दुखापतींचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं, पाचात एक. म्हणून ताई टक्केवारी मोजायला लावत नाहीत. दुखणं शून्य ते दहा अशा मापात रोज लिहायचं. तीनपर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर ते पूर्वीसारखं व्हायला हवं. नडगीच्या हाडावर बोटाएवढ्या जागी दाबून दुखत असेल, रात्री ठणकत असेल किंवा एका पायावर उडी मारताना कळ येत असेल तर व्यायाम बंद करून आधी हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवतात. हाडाला पडू पाहणारी बारीक चीर सुरुवातीला एक्स-रेमध्ये दिसत नाही, हे त्यांनी आम्हाला बजावून सांगितलं.

गोव्याच्या जमिनीबद्दल त्या जे सांगतात ते कुठल्याही परदेशी आराखड्यात मिळणार नाही. मिरामारच्या ओल्या वाळूवर धावणं सुंदर वाटतं, पण किनारा समुद्राकडे उतरता असतो. एकाच दिशेने धावत गेलं तर एक पाय सतत खालच्या अंगाला पडतो. जेवढं जाल तेवढंच त्याच काठाने परत या, आणि मऊ कोरड्या वाळूत तर पहिले काही महिने धावूच नका, कारण तिथे टाच खोल रुतते आणि घोट्यामागच्या, पोटरी टाचेला जोडणाऱ्या जाड शिरेवर (टेंडनवर) ताण येतो. फर्मागुडीचा चढ आम्ही धावत चढतो आणि उतार चालत उतरतो. उतारावर मांडीच्या पुढच्या स्नायूंना ताणलं जात असतानाच भार धरावा लागतो, ते नवख्यांना झेपत नाही. पावसाळ्यात दोन महिने जवळजवळ सगळं काम हॉलमध्येच होतं आणि माझ्या मते तेच दिवस सर्वांत उपयोगी ठरतात.

आता उणिवा. बॅचमध्ये बारा माणसं घेतात, आठ पुरेत. पोलीस भरतीची तयारी करणारे दोन तरुण आमच्यात होते. त्यांचा वेग आणि साठीच्या काकांचा वेग एकत्र बसत नाही, त्यामुळे ताईंची धावपळ होते आणि मागच्या रांगेतला माणूस कधी कधी नजरेतून सुटतो. घरी करायच्या व्यायामांचा कागद फक्त इंग्रजीत देतात. आमच्या बॅचमधल्या निम्म्या बायकांना तो मी मराठीत लिहून दिला. हे काम वर्गाने करायला हवं. हॉलला दोनच पंखे आहेत, मे महिन्यात जीव नकोसा होतो. संध्याकाळी गाडी लावायला जागा नाही, कदंबच्या बसने गेलेलं बरं.

फी महिन्याला १८०० रुपये, आठवड्याला दोन वर्ग. शिक्षिकेच्या घरखर्चात ही रक्कम सहज बसत नाही. मी ती तीन महिने भरली आणि पुढे दर दोन महिन्यांनी एकदा तपासणीपुरती जाते, ती वेगळी ३०० रुपयांत होते. डाव्या पायाची टाच आता उजव्याच्या बरोबरीने उचलते. चिखलीला डिसेंबरात होणाऱ्या गोवा रिव्हर मॅरेथॉनच्या दिवशी सर्वांत लहान अंतर धावायचं माझ्या मनात आहे आणि ताईंनी त्याला होकार दिला आहे.

ज्यांना आधीच पाच-दहा किलोमीटर सहज जमतं त्यांना इथले पहिले दोन महिने संथ वाटतील; त्यांनी नुसती तपासणी करून घ्यावी. नवी बॅच चवथ (गणेश चतुर्थी) झाल्यावर सुरू होते आणि जागा लवकर भरतात. पहिल्या दिवशी जाताना रोजचे वापरलेले जुने बूट किंवा चपला सोबत घ्या. तळवे कुठे झिजलेत ते ताई उलटे करून बघतात. आणि बायकांनी सैल सलवारीऐवजी गुडघा दिसेल असं काही घालावं, म्हणजे चित्रणात गुडघा कुठे जातो ते स्पष्ट दिसतं.