पैसे तांब्याचे, तार ॲल्युमिनियमची: सबमर्सिबल मोटारीच्या वायंडिंगमधील फसवणूक

बेळगाव तालुक्यात मार्कंडेय नदीच्या पट्ट्यात आणि पलीकडे खानापूरच्या बाजूला ज्यांचा ऊस, बटाटा किंवा कोबी बोअरच्या पाण्यावर उभा आहे, त्यांच्यासाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. जळालेली सबमर्सिबल मोटार शहरात नेऊन वायंडिंगला, म्हणजे आतील तारेचे वेढे नव्याने भरायला, टाकणे ही आपल्याकडे नित्याची बाब आहे. मात्र या व्यवहारात ज्या वस्तूचे पैसे आपण मोजतो, ती स्टीलच्या नळकांड्यात बंद होऊन, पाण्यात बुडून, तीन-चारशे फूट खाली जाते आणि पुन्हा दृष्टीस पडते ती बहुधा जळाल्यावरच. फसवणाऱ्याला याहून सोयीची जागा कोणती मिळणार?

आमची मोटार साडेसात एचपीची, थ्री फेज. उन्हाळ्याच्या तोंडावर लाइनच्या तीन फेजपैकी एक गेला आणि ती जळाली. यात कोणा दुकानदाराचा दोष नव्हता. ज्या दुकानात ती दिली त्याचे नाव येथे देत नाही, कारण देण्याघेण्याचा हिशोब अद्याप पुरता मिटलेला नाही. दुकानदाराने दर सांगितला तो शंभर टक्के तांब्याच्या तारेचा. तारेवर पांढरे प्लॅस्टिकचे वेष्टण असते, त्यामुळे आतील धातू दिसत नाही. म्हणून त्याने भेंडोळ्याचे टोक सोलून लालभडक तार दाखवलीही. जुने जळालेले तांबे दुकानात राहील आणि त्याची रक्कम मजुरीतून वजा केलेली आहे, असे तोंडी सांगितले. जुने तांबे किती किलो निघाले, असे विचारल्यावर उत्तर मिळाले, ‘‘भट्टीत जळून कमी होतंय मामा, ते धरायचं नसतंय.’’ प्रत्यक्षात भट्टीत जळते ते वरचे वेष्टण. तांबे कोठेही जात नाही, आणि भंगारातही त्याला किलोमागे कित्येकशे रुपये येतात.

बिलाच्या जागी मिळाली ती एक चिठ्ठी, कन्नडमध्ये घाईघाईने लिहिलेली. आमच्या पिढीतील मराठी शाळांत शिकलेल्यांना छापील कन्नड पाटी कशीबशी वाचता येते, हस्ताक्षर नाही. शाळेत कन्नड शिकणाऱ्या नातवाने वाचून सांगितले की चिठ्ठीवर फक्त ‘मोटार दुरुस्ती’ आणि एकूण रक्कम आहे. तांबे, तारेचा गेज (जाडी), वजन, जीएसटी क्रमांक, गॅरंटी यांपैकी एकही गोष्ट तीत नव्हती. पक्के बिल मागितल्यावर जीएसटी लावला तर आकडा वाढेल, असे सांगून विषय टाळण्यात आला. खरे तर बिल किंवा पावती न देणे ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते.

मोटार बोअरमध्ये सोडल्यावर पाणी व्यवस्थित येऊ लागले, परंतु स्टार्टरवरील मीटरचा काटा जागेवर राहिना. पूर्वी ही मोटार तेरा अँपिअरच्या आसपास चालत असे. आता काटा सोळाच्या पुढे जाऊ लागला आणि ओव्हरलोड रिले, म्हणजे प्रवाह ठरावीक आकड्यापुढे गेला की मोटार बंद करणारे साधन, वारंवार ट्रिप होऊ लागला. दुकानातून आलेल्या मुलाने स्टार्टर उघडला, रिलेचे सेटिंग अठरावर नेऊन ठेवले आणि ‘‘नवीन वायंडिंग हाय, जरा चालू दे, बसतंय आपोआप,’’ असे सांगून तो गेला. वायंडिंग चालून चालून ‘बसत’ नसते. वाढलेला प्रवाह ही मोटारीच्या पोटातील दुखण्याची खूण असते आणि रिले ट्रिप होतो तो तिला वाचवण्यासाठीच. त्याचे सेटिंग वाढवणे म्हणजे पहारेकऱ्याला झोपेची गोळी देण्यासारखे आहे. तो मुलगा हे जाणून होता की नाही, याविषयी मी निश्चित काही म्हणू शकत नाही. त्याला पाठवणारा मात्र जाणून होता.

आपल्या भागाची एक परिस्थिती अशा फसवणुकीला पोषक ठरते. कर्नाटकात दहा एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे. ही सवलत नसती तर आपला निभाव लागला नसता, हे खरेच; परंतु घरातील दिवाबत्तीचे बिल वाढले की आपण लगेच चौकशी करतो, तशी वेळ शेतातील मोटारीबाबत येत नाही. ती तेरा अँपिअर घेते की सतरा, हे खिशाला कळतच नाही. तरी स्टार्टरवरचा मीटर चालू स्थितीत ठेवावा आणि मोटार दुरुस्तीला जाण्याआधीचा आकडा वहीत लिहून ठेवावा.

ऊस ऐन वाढीला लागलेला असताना मोटार पुन्हा जळाली. चेन-पुली, माणसे आणि दिवसभराची मजुरी यांचा खर्च दुसऱ्यांदा झाला. दुकानदाराचे म्हणणे ठरलेले होते: लाइनचे व्होल्टेज कमी, बोअरचे पाणी खाली गेलेले, मोटारीचा दोष नव्हे. ही उत्तरे त्याला शोधावी लागत नाहीत. आपल्याकडे व्होल्टेज अनेकदा कमी असतेच आणि उन्हाळ्यात बोअरचे पाणी खाली जातेच, त्यामुळे शेतकरीही मान डोलावतो. पुढे त्याने सांगितले की आता स्टेटरच, म्हणजे ज्याच्या खाचांत तार भरतात तो लोखंडी गाभाच, खराब झाला आहे, या मोटारीवर पैसे घालण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा जुनी मोटार येथेच ठेवा आणि नवी घेऊन जा.

ही नवी मोटार दिसायला चकचकीत होती. तिच्या पट्टीवर आयएसआयचे चिन्ह होते, परंतु त्या चिन्हाबरोबर जे दोन क्रमांक असावे लागतात त्यांचा पत्ता नव्हता. खऱ्या चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक असतो, सबमर्सिबल मोटारीसाठी तो आयएस 9283, आणि खाली ‘सीएम/एल’ या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. हा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला की तो कोणत्या उत्पादकाचा आहे आणि चालू आहे की नाही, हे दिसते. क्रमांक नसलेले चिन्ह म्हणजे नुसते चित्र. आम्ही नवी मोटार घेतली नाही आणि जुनी मोटार, दुकानदाराची नाराजी पत्करून, जशीच्या तशी परत आणली.

माझा पुतण्या बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मोटारींच्या देखभालीचे काम करतो. त्याने मोटार उघडली तेव्हा स्टेटरच्या खाचांत धातूचे पांढुरके मणी साचलेले होते. तांबे 1085 अंश सेल्सिअसला वितळते आणि ॲल्युमिनियम 660 अंशाला. जळालेले तांब्याचे वायंडिंग बहुतेक ठिकाणी काळे पडून आपला आकार राखते, तसे येथे नव्हते. शाबूत राहिलेल्या भागातील एक तार त्याने सोलली. ती लालच होती. मग त्याने पक्कडीने ती तिरकी तोडली आणि तोंड ब्लेडने खरवडले. ‘‘काका, वरनं नुसता तांब्याचा मुलामा हाय, आत सगळं ॲल्युमिनियम,’’ तो म्हणाला. दुकानदाराने सोलून दाखवलेले लालभडक टोक ते हेच.

यातील लबाडी नीट समजून घेतली पाहिजे. ॲल्युमिनियमची वीज वाहण्याची क्षमता तांब्याच्या सुमारे 61 टक्के असते; म्हणजे तितक्याच जाडीच्या तारेचा अवरोध सुमारे 1.6 पट होतो आणि तितक्याच प्रवाहाला तार त्या प्रमाणात जास्त तापते. तो अवरोध भरून काढायचा तर तार जाड हवी, आणि तांब्यासाठी कापलेल्या खाचेत जाड तारेचे तितके वेढे मावत नाहीत. आमच्या मोटारीत तार थोडी जाड घेऊन वेढे कमी केलेले होते. वेढे कमी झाले की लोखंडी गाभ्यातील चुंबकत्व प्रमाणाबाहेर वाढते आणि मोटार विनाकारण जास्त प्रवाह ओढते. सोळा अँपिअरचे कोडे असे सुटले. शिवाय बाहेरून येणारी केबल तांब्याची. तिचा आणि ॲल्युमिनियमच्या तारेचा सांधा कालांतराने गंजून सैल होतो, आणि येथे तर तो सांधा पाण्यातच असतो. तळाचे, भार पेलणारे थ्रस्ट बेअरिंगही बदललेले नव्हते, जुन्यावरच घासकाम केले होते. पण त्याविषयी अधिक लिहीत नाही, कारण मोटार जळाली ती तारेमुळे.

ॲल्युमिनियमच्या तारेच्या मोटारी प्रामाणिकपणेही विकल्या जातात. त्यांचा गाभा आणि खाचा त्याच हिशोबाने बनवलेल्या असतात, किंमत कमी असते आणि विकणारा तसे सांगतो. तेथे माझी काही तक्रार नाही. माझी तक्रार तांब्याच्या खाचेत ॲल्युमिनियम कोंबून तांब्याचे पैसे घेण्याविषयी आहे.

ही फसवणूक पकडण्यासाठी इंजिनिअर असण्याची गरज नाही. तराजू पुरेसा आहे. तांब्याची घनता 8.96 आणि ॲल्युमिनियमची 2.70, म्हणजे तितक्याच आकारमानाचे ॲल्युमिनियम तांब्याच्या जेमतेम तीन दशांश वजनाचे भरते, आणि मुलामा दिलेली तारही फारशी जड होत नाही. जुने वायंडिंग काढले की वेष्टणासह तेथेच वजन करायला लावावे. नवी तार भरल्यावर, मोटार बंद करण्यापूर्वी, वापरलेल्या तारेचे वजन पाहावे. दोन्ही जवळपास जुळले पाहिजेत. तारेचा तुकडा सोललेल्या टोकाशी न पाहता मधोमध तोडून पाहावा. चांगला वायंडर मोटारीचा ‘डाटा’, म्हणजे गेज, वेढे आणि पिच (एका वेढ्याच्या दोन बाजूंमधील खाचांचे अंतर), आपल्या वहीत उतरवून ठेवतो आणि विचारल्यास दाखवतो. वही दाखवायला कुरकुर करणाऱ्याकडे मोटार ठेवू नये. बिलावर ‘तांब्याची तार’, तिचे वजन आणि गॅरंटीची मुदत लिहून घ्यावी, आणि बिल कन्नडमध्ये असेल तर दुकानातून बाहेर पडण्यापूर्वी ते कोणाकडून तरी वाचून घ्यावे. मोटार पुन्हा जळाली तर ती त्याच दुकानात उघडायला मुळीच देऊ नये, कारण जळालेली तार हाच आपला पुरावा असतो आणि दुकानदार तीच सर्वांत आधी उचलतो.

‘‘तुम्ही शेतीच्या धंद्यासाठी मोटार वापरता, तुम्हाला ग्राहक म्हणून दाद मागता येत नाही,’’ असेही आम्हाला ऐकवण्यात आले. कायद्यात व्यापारी कारणासाठीची खरेदी वगळलेली आहे हे खरे, परंतु स्वतःच्या कष्टावर पोट भरण्यासाठी जो वस्तू विकत घेऊन वापरतो त्याला त्यातून स्पष्टपणे बाहेर ठेवलेले आहे. तक्रार घटनेपासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते आणि वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करता येते. आम्ही तार, वजनाची नोंद, स्टार्टरमधील अठरावर ठेवलेल्या रिलेचे छायाचित्र आणि ती चिठ्ठी जोडून प्रथम वकिलामार्फत नोटीस पाठवली. चिठ्ठीवर तांब्याचा उल्लेख नसल्याने प्रकरण लंगडे पडेल, असे वकिलांचे मत होते. मात्र मुलामा दिलेली तार हातात आहे हे समजल्यावर दुकानदार आयोगापर्यंत जायला तयार झाला नाही.

मोटार दुसऱ्या वायंडरकडे, समोर वजन करून, खऱ्या तांब्याने भरून घेतली. ती आता पुन्हा तेराच्या आसपास चालते आणि रिले चौदावर ठेवला आहे. पहिल्या दुकानदाराने वायंडिंगची रक्कम हप्त्यांनी परत करण्याचे लिहून दिले आहे. मोटार दोनदा काढण्या-सोडण्याचा खर्च आणि वाळलेला ऊस त्याने मान्य केलेला नाही. शेवटचा हप्ता यायचा आहे, आणि तो येईपर्यंत जळालेली तार आमच्या घरीच आहे.