आरसा की मोबाइल?

रंकाळ्याजवळच्या माझ्या खोलीत स्वतःचं चित्र काढायला बसले, की पहिला प्रश्न हाच. बघायचं कशात?

मोबाइलचा फोटो सोयीचा. उजेड सरकत नाही, मान अवघडत नाही. पण हातभर अंतरावरून घेतलेल्या सेल्फीत नाक फुगतं, कान मागे पळतात. शिवाय फोटो काढतानाच आपण हनुवटी उचलून, 'बरी' दिसणारी बाई होऊन बसतो. मग चित्रात तीच उतरते.

आरसा तसं फार वेळ करू देत नाही. अर्ध्या तासात चेहऱ्यावरचं हसू गळतं, खांदे उतरतात. १९२५च्या बस-अपघातानंतर मेक्सिकोची चित्रकार फ्रीडा काहलो अंथरुणाला खिळली, तेव्हा पलंगाच्या वर आरसा बसवला होता. जुळलेल्या भुवया, ओठांवरची लव, स्वतःच्या चित्रांत काहीच तिनं लपवलं नाही. आरशाची एक गंमत मात्र आहे: डावी-उजवी बाजू उलटते. माझी नथ उजव्या नाकपुडीत गेली, पदर उजव्या खांद्यावर! आई म्हणाली, "ही कोण गं?" मी ते तसंच ठेवलं.

चित्रकार अमृता शेरगिलनं १९३४मध्ये स्वतःला ताहिती या पॅसिफिक बेटावरची स्त्री म्हणून रंगवलं. मागे पुरुषाची सावली. तिथे आरसा की फोटो हा प्रश्नच गौण ठरतो. कोण पाहतंय, हे तिनं चित्रातच घेतलं.

साज, दागिन्यांच्या बारीक कामासाठी मी फोटो वापरते. चेहऱ्यासाठी आरसाच, तोही सकाळचा, केस विंचरण्याआधीचा.