लॅमिनेटखाली भलतंच: किचनच्या कपाटांतली फसवणूक आणि ती पकडायच्या जागा

सिंकखालच्या कपाटाचा तळ फुगतो, शटर, म्हणजे कपाटाचं दार, एका कोपऱ्यात लोंबायला लागतं, बिजागरीचे स्क्रू नुसत्या हाताने निघून येतात, आणि तेव्हा कुठे कळतं की ‘मरीन प्लाय’ म्हणून ज्याचे पैसे दिले ते साधं एमआर प्लाय होतं, किंवा प्लायच नव्हतं. ही फसवणूक इतक्या उशिरा उघडी पडते, कारण माल झाकलेला असतो. बाहेरून 1 मिमी लॅमिनेट, आतून पांढरा थर, कडेला पट्टी. एकदा बॉक्स (कपाटाचा सांगाडा) तयार झाला की आतली फळी कोणती हे डोळ्यांना दिसत नाही. ज्यांना फसवायचं असतं त्यांचं सगळं काम या झाकणाखाली चालतं.

सुरुवात शब्दांपासून होते. एमआर म्हणजे फक्त ओलावा सोसणारं. गिऱ्हाइकाला ते ‘वॉटरप्रूफ’ म्हणून सांगितलं जातं. एमआर प्लायचे थर साधारणपणे युरिया फॉर्माल्डिहाइडने चिकटवलेले असतात. हवेतला दमटपणा हा गोंद निभावून नेतो, पण पाणी सतत लागत राहिलं, त्यातही गरम पाणी, की त्याची पकड तुटते आणि थर सुटतात. बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळतं पाणी सोसणाऱ्या प्लायमध्ये (मरीन प्लाय याच जातीचं) फिनॉल फॉर्माल्डिहाइड असतं. ते उकळत्या पाण्यातही धरून राहतं. या ग्रेडची कसोटीच 72 तास उकळण्याची आहे. कापलेल्या कडेवर फिनॉलची रेघ गडद तपकिरी दिसते, युरियाची फिकट. मात्र एवढ्यावर निकाल लावू नका. गोंदात रंग मिसळता येतो, वरचा पापुद्रा लालसर रंगवणं तर त्याहून सोपं, आणि फळीवरचा शिक्का कुणीही मारू शकतो.

शंका असेल तर तुकडा उकळून बघा. साधारण 10 सेंमी लांब-रुंद तुकडा घ्या. स्वयंपाकाला न वापरायच्या जुन्या पातेल्यात, खिडकी उघडी ठेवून, 4 ते 5 तास उकळू द्या. पाणी आटेल तशी भर घाला. थंड झाला की थरांच्या मध्ये सुरीचं टोक घालून हलकेच उचकटा. युरियाचं प्लाय बहुतेक एवढ्यातच फाकतं. तुकडा टिकला तर तो बीडब्ल्यूपीच आहे असं सिद्ध होत नाही, पण खोटा माल बहुधा इथेच पकडला जातो. आणि तुकडा दुकानात दाखवायला ठेवलेला नको. कापायला आलेल्या फळीतला हवा, आणि तो कापताना तुम्ही समोर हवं. नमुना खरा दाखवायचा आणि कामाला दुसरीच फळी लावायची, हा सर्रास चालणारा प्रकार आहे.

एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला बोर्ड) आणि एचडीएचएमआर (त्याचाच जास्त घट्ट, ओलावा सोसणारा प्रकार) यांच्या बाबतीत हिरवा रंग दाखवून विकतात: “आतून हिरवं आहे ना, मग पाणी लागत नाही.” हा रंग फक्त ओळखीसाठी घातलेला असतो, त्याने पाणी अडत नाही. साध्या बोर्डातही तो घालता येतो. चांगलं एचडीएचएमआर ओट्यावरच्या कपाटांना आणि शटरला उत्तम आहे. पण ते ओलावा सोसणारं आहे, पाण्यात उभं राहणारं नाही. तुकड्याची जाडी व्हर्नियर कॅलिपरने मोजा, 24 तास पाण्यात बुडवून ठेवा, पुन्हा मोजा आणि किती फुगलं ते बघा. पार्टिकल बोर्ड (लाकडाचा भरड चुरा दाबून केलेला) फुगला की सुकल्यावरही मूळ जाडीवर येत नाही, त्यामुळे सिंकखाली तो कुणी कितीही गॅरंटी दिली तरी नको.

जाडीतही कापलं जातं. कोटेशनमध्ये 18 मिमी, प्रत्यक्षात 16. दोन मिलिमीटर नजरेला कळत नाहीत, आणि दोन्ही बाजूंचं लॅमिनेट धरून मोजलं तर 16 ची फळी सहज 18 च्या जवळ जाते. म्हणून माप लॅमिनेट लावण्याआधी घ्या. वजनही बोलतं. 8 बाय 4 फुटांची, कठीण लाकडाच्या गाभ्याची 18 मिमी प्लायची फळी साधारण 35 ते 40 किलो भरते. तीच 25-27 किलोच्या आसपास असेल तर आत पॉप्लरसारखं हलकं लाकूड आहे किंवा गाभ्यात पोकळ्या आहेत. बोटाच्या सांध्याने ठोकत जा. पोकळीवर आवाज बदलतो. स्क्रू नेमका पोकळीत गेला तर तो कधीच धरत नाही.

काम पूर्ण झालं असेल तर आत डोकावायच्या जागा ठरलेल्या आहेत. बिजागरी शटरवरून काढली की 35 मिमीचं भोक दिसतं: थरांच्या रेघा असतील तर प्लाय, भरड चुरा दाबल्यासारखं असेल तर पार्टिकल बोर्ड, एकसारखं गुळगुळीत असेल तर एमडीएफ किंवा एचडीएचएमआर. इथे बरेच जण चुकतात. हे भोक फक्त शटरचं खरं सांगतं. बॉक्स वेगळ्या मालाचा असू शकतो, आणि काटछाट बहुतेक बॉक्समध्येच होते. त्यासाठी खालची स्कर्टिंगची पट्टी ओढून काढा (ती क्लिपवर बसवलेली असते) आणि मोबाइलचा कॅमेरा आत सरकवून बाजूच्या फळ्यांच्या खालच्या कडेचे फोटो घ्या. न दिसणाऱ्या या कडेला बऱ्याचदा पट्टीच लावलेली नसते, त्यामुळे गाभा स्पष्ट दिसतो. पट्टी नसणं ही स्वतंत्र लबाडी आहे. पाणी खालून आणि मागून चढतं, म्हणून सगळ्या कडा बंद हव्यात, शिवाय पाइपसाठी पाडलेल्या भोकांच्या कडांना सिलिकॉन हवं. शटरला 2 मिमी आणि बॉक्सला 0.8 मिमी पट्टी, मशीनवर चिकटवलेली, असं कोटेशनमध्ये लिहून घ्या. एका बाजूला लॅमिनेट आणि दुसऱ्या बाजूला नुसता रंग असेल तर शटर हमखास वाकतं, कारण दोन्ही बाजूंचा ताण सारखा राहत नाही.

स्टीलच्या बाबतीत लोक चुंबकावर भरवसा ठेवतात आणि तिथेच फसतात. ट्रॉलीच्या जाळ्या ‘304’ (चांगल्या प्रतीचं, सहसा न गंजणारं स्टील) म्हणून विकायच्या, समोर चुंबक लावून दाखवायचं, ते चिकटलं नाही की गिऱ्हाईक खूश. पण हलक्या प्रतीच्या 202 स्टीललाही चुंबक चिकटत नाही. उलट अस्सल 304 ची तार जिथे वाकवलेली असते तिथे ते थोडं ओढलं जाऊ शकतं. 202 मध्ये निकेल कमी आणि मँगनीज जास्त असतं; सिंकजवळच्या ओलीत त्याला आधी डाग आणि मग गंज येतो. खरी ओळख मँगनीज दाखवणाऱ्या चाचणीच्या थेंबाने होते: बॅटरी जोडून थेंब टाकला की 202 वर लाल रंग उमटतो. ही चाचणी आपल्यासमोर करून दाखवायला सांगा आणि बिलावर ‘304’ लिहून घ्या.

बिजागऱ्या मोजून घ्या. सुमारे 90 सेंमी उंचीपर्यंतच्या शटरला दोन पुरतात, त्याहून उंच असेल तर तीन, आणि 160 च्या वर चार. जड शटरला आणखी एक. समोरच्या दोन कपाटांना नामवंत कंपनीचा माल आणि कोपऱ्यात बिननावाचा, हेही घडतं, म्हणून प्रत्येक शटर उघडून शिक्का बघा. बॉक्स जोडताना काळे ड्रायवॉल स्क्रू वापरले असतील तर हरकत घ्या. ते ठिसूळ असतात आणि ओलीत गंजतात. भिंतीवरचं कपाट 4-6 मिमीच्या पाठीतून स्क्रू मारून टांगलं असेल, तर भांड्यांचं सगळं वजन त्या पातळ फळीवर येतं. हे जिवावरचं काम आहे; आधी कपाट रिकामं करा, मग आधाराची पट्टी आणि टांगायचे हँगिंग ब्रॅकेट लावून घ्या.

मोजमापात कोपरा दोनदा धरतात. इंग्रजी एल आकाराच्या ओट्यात दोन्ही भुजा भिंतीपासून मोजल्या की कोपऱ्यातले दोन फूट दोन्हीकडे येतात. रनिंग फुटाच्या (लांबीच्या फुटामागे ठरलेल्या) दरात ट्रॉली, हँडल आणि बाजूच्या दर्शनी फळ्या धरल्यात की नाही हे आधी विचारा.

हप्ता मालाशी बांधा: पहिला ऑर्डरला, दुसरा लॅमिनेट लावण्याआधीची फळी बघितल्यावर, आणि निदान दहावा हिस्सा वर सांगितलेल्या जागा तपासेपर्यंत हातात ठेवा. तपासलेल्या तुकड्यावर दोघांच्या सह्या घेऊन तो जपून ठेवा. तक्रार करायची वेळ आली तर हाच पुरावा.

बॉक्स जमिनीवर टेकवलेला नको, 100 मिमीचे पाय हवेत. सिंकभोवतीचं सिलिकॉन दरवर्षी तपासा, सुटलं असेल तर पूर्ण खरवडून नवं भरा. ट्रॉली ज्यावर सरकते त्या चॅनेलमध्ये खायचं तेल सोडू नका, ते चिकट होऊन धूळ धरतं. कोरड्या ब्रशने साफ करून सिलिकॉन स्प्रेचा हलका फवारा पुरतो. स्टीलच्या जाळ्यांना ब्लीच लावू नका, क्लोरीनने 304 लाही खड्डे पडतात.

आणि तळ आधीच फुगला असेल तर सगळं किचन मोडायची गरज नाही. आधी गळती बंद करा. मग फक्त सिंकचा बॉक्स काढून तिथे पाण्याने न फुगणारं, भरीव डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेला बोर्ड) किंवा स्टीलचा बॉक्स बसवा, जुनं शटर धड असेल तर तेच लावा. डब्ल्यूपीसीत स्क्रूसाठी आधी बारीक भोक पाडून घ्यावं लागतं, नाहीतर कडेजवळ तडा जातो.