जुनी फायबर बोट घेताना माझे २,७२,५०० रुपये गेले. नाळेवरचा, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरचा, नंबर आधी तपासा

नारळी पौर्णिमेच्या तोंडावर जुनी फायबर बोट घ्यायच्या विचारात असाल, तर आधी हे वाचा आणि मग पैसे काढा. माझे २,७२,५०० रुपये गेलेत. बोट माडाखाली उभी आहे. ती समुद्रात घालता येत नाही, विकता येत नाही, मोडीतही काढता येत नाही, कारण सरकारदरबारी ती बोटच नाही. हे सगळं लिहायची लाज वाटत होती, म्हणून इतके दिवस गप्प होतो. पण मला ती बोट विकणारा दलाल अजून व्हॉट्सअ‍ॅपवर बोटींचे फोटो फिरवतोय हे परवा कळलं आणि डोकं फिरलं.

मी शहरातून हौस म्हणून आलेला माणूस नाही. आमच्या घराचा रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायच्या जाळ्यात, वाटा होता, काका आजही गिलनेटच्या (पाण्यात उभं सोडायच्या जाळ्याच्या) होडीवर जातात. मुंबईची नोकरी सोडून गावी आलो तो स्वतःची होडी घालायची हे ठरवूनच. छोटी होडी, आउटबोर्ड (मागच्या फळीवर बाहेरून बसवायचं) इंजिन, दोन माणसं, पहाटे जाळी टाकून सकाळी परत. बांगडा, तारली, कधी सुरमई. पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यावाल्यांशी बरोबरी करायची नव्हती. हे सांगतोय कारण 'बघून का नाही घेतलीस?' असं विचारणारे खूप भेटले. बघूनच घेतली. दोनदा जाऊन बघितली.

अशी फसवणूक कशी चालते ते तुम्हाला माहीत असणार: दलाल, घाईत असलेला मालक, 'गोव्याचा गिऱ्हाईक तयार आहे' हे वाक्य. माझ्या बाबतीत त्यात पावसाळ्याची भर पडली, आणि खरी मेख तिथेच आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. बोटी वर ओढलेल्या, झापांनी नाहीतर ताडपत्रीने शाकारलेल्या. समुद्र खवळलेला. अशा वेळी 'जरा पाण्यात उतरवून दाखवा' म्हणायची सोयच नसते. हे लोक नेमके जुलैत विकतात. एप्रिल-मेमध्ये ती बोट पाण्यात असते आणि कोणीही चढून बघू शकतो, म्हणून तेव्हा ती बाजारात येतच नाही. पावसात बोट घेऊ नका. घ्यायचीच असेल तर अर्धे पैसे बोट पाण्यात उतरल्यावर देईन असं लिहून घ्या. मालक खरा असेल तर कुरकुरेल, पण ऐकेल.

बोट २४ फुटी, फायबरची, बाहेरून पांढरी, वर निळा पट्टा. सोबत ९.९ एचपीचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड. सांगितलेली किंमत २,८५,०००. ठरली २,४०,००० ला. बाजारभावापेक्षा फार स्वस्त असती तर मलाही शंका आली असती. तेवढी स्वस्त नव्हती, आणि भाव लावणारा माणूस धंद्यात मुरलेला होता. मालक म्हणून जो उभा केला तो पन्नाशीचा, हाताला जाळ्याचे घट्टे पडलेला, बोलायला गरीब. 'भाऊ, मुलगा दुबईला गेला, आता बोटीवर जाणार कोण?' म्हणाला. हाताचे घट्टे खोटे नसतात. मी त्यावर विश्वास ठेवला आणि त्यात माझं चुकलं असं मला आजही वाटत नाही.

इंजिन ड्रममध्ये पाणी भरून चालवून दाखवलं. पहिल्याच ओढीला सुरू. कूलिंगच्या पाण्याची धार बारीक पण सरळ. आता सांगतो, ड्रममधली चाचणी ही चाचणीच नव्हे. पंख्यावर भार नसतो, गिअर नीट बसतो की घसरतो ते कळत नाही. इंजिन थंड असताना स्वतः दोरी ओढा. तुम्ही पोचण्याआधी तापवून ठेवलं असेल तर झाकणाखाली हात लावल्याबरोबर समजतं. गिअरच्या खालचा स्क्रू सैल करून चार थेंब ऑइल बोटावर घ्या. दुधासारखं पांढरट आलं की आत पाणी गेलंय, सील गेलंय. माझ्याकडे नंतर मेकॅनिकने तो स्क्रू काढला तेव्हा चहात टाकायच्या दुधासारखं आलं. उघडून जोडायला ११,८०० लागले.

आता मुख्य गोष्ट. दुसऱ्या खेपेला ताडपत्री बाजूला करून मी नाळेकडून बोट बघत होतो. पाऊस थांबून तिरकं ऊन पडलं होतं. नाळेच्या दोन्ही बाजूंना नोंदणी नंबर, आयएनडी-एमएच पासून सुरू होणारा, काळ्या रंगात, स्वच्छ. त्या उन्हात नंबराच्या आकड्यांखाली दुसरे आकडे उठून दिसले. दिसले म्हणजे काय, रंग एकच पांढरा, पण खाली जुन्या रंगाची जाड कड होती. मी बोट फिरवलं. एक गोल आणि त्याच्या शेजारी एक उभी रेघ नखाला लागली. वर जो नंबर होता त्यात त्या जागी ना शून्य होतं ना एक. मी तिथे उभा राहून नखाने ती कड दोनदा चाचपली. मालकाला विचारलंही. तो लगेच म्हणाला, 'गेल्या वर्षी पेंटरने चुकीचा टाकलेला, मग पुसून परत घातला.' दलाल मागून हसला, म्हणाला, 'रंगाऱ्याचं काय घेऊन बसलात.' आणि पाऊस परत आला आणि ताडपत्री परत पडली.

तो क्षण रोज रात्री डोळ्यांसमोर येतो. तिथेच फोटो काढला असता, घरी येऊन मोठा करून बघितला असता, तर पुढचं काहीच झालं नसतं. पण उत्तर पटण्यासारखं होतं. किनाऱ्यावर नंबर पुन्हा घालणं ही काही अजब गोष्ट नाही; खारं पाणी आणि ऊन कुठलाच रंग टिकू देत नाहीत. आणि हातात नोंदणी प्रमाणपत्र होतं, शिक्का होता, मालकाचं नाव होतं, त्याच्या आधार कार्डाशी जुळणारं. काकांनी निघताना बजावलं होतं, 'आदी कागद बघ, मगे रंग बघ.' मी कागदच बघितले. कागद खरे होते. बोट खोटी होती.

विसार २५,००० यूपीआयने. मग १,९०,००० एनईएफटीने. उरलेले २५,००० बोट टेम्पोवर चढवताना रोख. दलाली ५,०००. टेम्पो १४,५००. ५०० च्या स्टॅम्पपेपरवर करार, टायपिंग आणि नोटरी धरून १,२००. एनईएफटी ज्या खात्यावर केली ते मालकाच्या नावाचं नव्हतं, 'मेव्हण्याचं' होतं. 'माझ्या खात्यावर मच्छीमार सोसायटीचा हप्ता कापला जातो' हे कारण. ते ऐकताना वाटलं, चला, माणूस निदान खरं तरी बोलतोय. प्रमाणपत्रावर ज्याचं नाव, त्याच्याच खात्यावर पैसे. दुसरं कोणाचंही खातं सांगितलं की उठा आणि चालू लागा. आणि नोटरीच्या शिक्क्याला भुलू नका. नोटरी फक्त सही करणारी माणसं समोर होती एवढंच बघतो. बोट कोणाची आहे हे त्याने तपासलेलं नसतं.

पौर्णिमेला नारळ वाहिला आणि बोट खाली घातली. खाडीच्या मुखाशी पहिल्या दोन लाटांवर इंजिन मागे कललं. मला वाटलं क्लॅम्प ढिला. बघतो तर इंजिन ज्या मागच्या फळीवर बसतं ती फळीच वाकत होती, आणि बोल्टच्या भोकांतून तपकिरी पाणी गळत होतं. फायबरच्या दोन थरांमध्ये प्लायवूड असतं. त्यात भोकांतून पाणी शिरलं की ते आतल्या आत कुजतं आणि बाहेरून जेलकोट, म्हणजे वरचा गुळगुळीत थर, चकचकीत राहतो. वल्ही मारत परत आलो. दुरुस्तीचा अंदाज ४६,००० सांगितला; तो अजून केलेला नाही, म्हणून वरच्या बेरजेत धरलेला नाही. हातोडीच्या लाकडी दांड्याने ती फळी सगळीकडून ठोकून बघा. घट्ट असेल तर कडक आवाज येतो, कुजलेली असेल तर नुसतं धप्प. ही तपासणी पावसातही करता येते. तुम्ही फळीकडे गेलात की मालक तुम्हाला चहाला बोलावतो का, तेही बघा.

इथवर नुकसान पैशाचं होतं. खरा दणका नोंदणी कार्यालयात मालकी बदलायला गेलो तेव्हा बसला. प्रमाणपत्रावरच्या नंबराची बोट २७ फुटांची, आणि इंजिनचा नंबर वेगळा. ती बोट म्हणे कधीच मोडली, पण नोंद रद्द केलेली नाही, कारण तिच्यावर मच्छीमार सोसायटीमार्फत घेतलेल्या कर्जाचा बोजा आहे. म्हणजे मेलेल्या बोटीचा कागद जिवंत ठेवला आणि भलत्याच बोटीवर तो नंबर रंगवून मला विकली. साधी टेप घेऊन लांबी-रुंदी मोजली असती तर तीन फुटांचा फरक तिथेच निघाला असता. २४ फूट मी डोळ्यांनी ओळखले होते, पण प्रमाणपत्रावर माप मीटरमध्ये असतं, आणि पावसात उभं राहून कोण गुणाकार करत बसतो? तुम्ही करा. इंजिनच्या ब्रॅकेटवरची नंबराची पट्टी बघा, तिचे रिव्हेट नवे दिसले तर थांबा. बोजा आहे का ते विसार देण्याआधी नोंदणी कार्यालयात आणि सोसायटीत दोन्हीकडे विचारा, आणि सोसायटीचा नाहरकत दाखला हातात घेतल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

मग माझी ही बोट कोणाची? कोणालाच माहीत नाही. आणि इथून सुरू झाला तो छळ.

पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य ऐकलं ते, 'हा दिवाणी मामला आहे, वकील गाठा.' एका माणसाने दुसऱ्याच बोटीचा नंबर रंगवून बोट विकली, यात दिवाणी काय आहे? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचंच आहे. मी ते म्हणालो तर 'तुम्हीच आम्हाला कायदा शिकवा' असं उत्तर मिळालं. मग म्हणे व्यवहार दुसऱ्या जिल्ह्यात झाला, तिकडे जा. तिकडे गेलो तर म्हणे पैसे तुमच्या गावातल्या शाखेतून गेले, तुमच्याकडे नोंदवा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, कुठल्याही ठाण्यात माहिती देता येते. हे मी छापून घेऊन गेलो. कागद वाचलाही नाही, टेबलाच्या कडेला ठेवला आणि त्यावर चहाचा कप ठेवला.

मग सागरी पोलीस. तिथे मी फिर्यादी म्हणून गेलो आणि संशयित होऊन बाहेर आलो. 'बोट आली कुठून? कोणाची आहे? इतके दिवस नोंदणीशिवाय का ठेवलीत?' अहो, म्हणूनच तर आलो होतो! २००८ च्या हल्ल्यात दहशतवादी 'कुबेर' नावाची मासेमारी बोट ताब्यात घेऊन मुंबईपर्यंत आले. त्यानंतर आमच्या किनाऱ्यावर नोंदणी, नंबर, ओळखपत्र याबद्दल कडक धोरण आलं. ते मला मान्य आहे, हवंच आहे. मग खोटा नंबर घालून बोट विकणारा माणूस मोकळा का, आणि ती बोट स्वतःहून दाखवायला आणणारा मी दोषी का? चोरीच्या बोटींची यादी तपासतो म्हणाले. त्यानंतर फोन मीच करतोय.

नोंदणीच्या कार्यालयात आवक नंबर मिळाला, एवढंच. साहेब दौऱ्यावर. साहेब बैठकीत. साहेब बदलून गेले, नव्या साहेबांना फाइल समजावून सांगा. मेलेल्या बोटीची नोंद इतकी वर्षं जिवंत कशी राहिली, दरवर्षीची तपासणी कोणी केली, हा प्रश्न मी लेखी विचारलाय. उत्तर आलं ते असं की, आपला अर्ज संबंधित शाखेकडे पाठवण्यात आला आहे. बँकेत विचारलं तर 'मेव्हण्याच्या' खात्यातून त्याच दिवशी रक्कम निघून गेली होती आणि खातेदाराची माहिती पोलिसांच्या पत्राशिवाय देता येत नाही. पोलीस पत्र देत नाहीत, कारण गुन्हाच दाखल नाही. गुन्हा दाखल नाही, कारण खातेदार कोण ते मला सांगता येत नाही. सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात आणि आईच्या गहाण ठेवलेल्या पाटल्यांवरचं व्याज दर महिन्याला मी भरतोय.

तुमच्यावर हीच वेळ आली तर तोंडी तक्रारीवर अजिबात वेळ घालवू नका. लेखी द्या, पोच घ्या. ठाण्यात घेतली नाही तर तीच तक्रार पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा, स्पीड पोस्टाने, पावती जपून ठेवा. तिथूनही काही हललं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. हे मला एका वकिलाने फुकट सांगितलं, ज्यांचं काम होतं त्यांनी नाही. ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, दुसऱ्या दिवसावर टाकू नका. रक्कम खात्यात असेपर्यंतच ती थोपवता येते. आणि दलालाचे फोटो, आवाजी संदेश, नंबर काहीही पुसू नका. मी रागाच्या भरात त्याची सगळी बोलणी डिलीट केली होती. पुतण्याने बॅकअपमधून परत काढली म्हणून आज हातात काही तरी आहे.

अधीक्षकांकडे पाठवलेल्या अर्जाची पोच आलीय, आता न्यायालयात अर्ज टाकतोय. तोवर कोणाला २४ फुटी, पांढरी, निळ्या पट्ट्याची किंवा दुसरी कसलीही बोट कोणी पावसात ताडपत्रीखाली दाखवली आणि पैसे नातेवाइकाच्या खात्यावर मागितले, तर नाळेवरच्या नंबराचा तिरक्या उजेडात फोटो काढा आणि विसार न देता थेट नोंदणी कार्यालयात जा.