डिप्लोमसी की ॲक्सिस अँड अलाईज: जहाजं-विमानांचे नियम कुणाचे झेपतील?

पटावरच्या युद्धखेळात जमिनीवरची लढाई कुणालाही चटकन कळते. वाजतं ते जहाजं आणि विमानं आली की. त्यामुळे या दोनपैकी कुठला खेळ घ्यावा अशा पेचात असाल, तर आपल्या कंपूला कुठल्या प्रकारचा वाद सोसवतो ते आधी बघा.

डिप्लोमसी १९५९ साली बाजारात आला, ॲलन कॅलहॅमर यांनी रचलेला. त्यात विमानं नाहीतच. खेळ १९०१ पासून सुरू होतो. सोंगट्या दोनच, सैन्य आणि ताफा. फासे नाहीत. सगळे आपापले हुकूम कागदावर लिहितात आणि ते एकदमच उघडले जातात. नियम थोडके, पण ताफ्याचं प्रकरण दिसतं तितकं साधं नाही. रोम आणि व्हेनिस नकाशावर एकमेकांना खेटून आहेत. सैन्य एका चालीत पोचतं, ताफा पोचत नाही, कारण दोघांचे किनारे वेगवेगळ्या समुद्रांवर आहेत. स्पेनला तर दोन किनारे. मिड-अटलांटिकमधून स्पेनला जायचा हुकूम लिहिताना उत्तर की दक्षिण हे लिहायचं राहिलं, की ताफा जागचा हलत नाही. माझी अशी एक अख्खी चाल फुकट गेली आहे, आणि समोरच्याने दयामाया दाखवली नाही. बरोबरच होतं त्याचं.

खरी गाठ कॉन्व्हॉयमध्ये, म्हणजे ताफ्याने सैन्याला समुद्रापार पोचवण्यात बसते. फ्रान्सचं सैन्य ब्रेस्टहून लंडनवर निघालंय, इंग्लिश चॅनेलमधला फ्रेंच ताफा त्याला पलीकडे पोचवतोय. इकडे इंग्लंडचा वेल्समधला ताफा त्याच चॅनेलवर चालून येतो आणि लंडनमधला ताफा त्याला पाठिंबा देतो, म्हणजे त्याच्या हल्ल्याचा जोर वाढवतो. पाठिंबा देणाऱ्यावरच हल्ला झाला, की एरवी पाठिंबा तुटतो. आता सैन्य लंडनवर आदळलं म्हणून पाठिंबा तुटला असं धरलं, तर चॅनेल वाचतं आणि सैन्याचा हल्लाही लंडनपर्यंत पोचतो. तुटला नाही असं धरलं, तर चॅनेल पडतं आणि सैन्य निघतच नाही. दोन्ही उत्तरं आपापल्या जागी चोख! म्हणून नियमाने निवाडा करून ठेवलाय: ज्या ताफ्याच्या जिवावर सैन्य येतंय त्याच्यावरच्या हल्ल्याला दिलेला पाठिंबा त्या सैन्याला तोडता येत नाही. चॅनेल पडतं, विषय संपला.

ॲक्सिस अँड अलाईज या दुसऱ्या महायुद्धावरच्या खेळाचं उलटं. मी त्यातल्या ‘१९४२’ नावाच्या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीबद्दल बोलतोय. इथे नियमांची लांबण आहे, पण वाद बहुतेक वेळा क्रमाने वाचलं की मिटतो. फायटरला एका पाळीत चार घरं, जाऊन येऊन मिळून. तीन घरं जाऊन लढलात तर उतरायला एकच उरतं. बेटावर उतरायचं तर भोवतीचा समुद्र एक घर आणि बेट आणखी एक. नवखे नेमके इथेच घसरतात. त्याच पाळीत जिंकलेल्या प्रदेशात उतरता येत नाही. विमानवाहू नौका मागाहून पुढे सरकून फायटरला झेलू शकते, बॉम्बरला नाही. मात्र हल्ल्याला निघतानाच सगळ्यांना उतरायची एखादी तरी वाट दाखवावी लागते, मग ती कितीही दुरापास्त असो. ‘बघू नंतर’ चालत नाही.

पाणबुडीचं त्रांगडं जास्त गमतीचं. विनाशिका सोबत नसेल तर विमानांना पाणबुडी मारता येत नाही, आणि पाणबुडीला विमान कधीच मारता येत नाही. समजा दोन फायटर आणि एक विनाशिका घेऊन तुम्ही दोन पाणबुड्यांवर गेलात. पहिल्या फेरीत एक पाणबुडी बुडवलीत, पण स्वतःची विनाशिकाही गमावलीत. दुसऱ्या फेरीत तुमची फायटर नुसती घिरट्या घालणार. नुकसान सोसायला आधी काय द्यायचं हा निर्णय म्हणून महाग. मालवाहू जहाजांना इथे बचावाचा फासाच नाही आणि ती सर्वांत शेवटी बुडतात. १९८४ साली निघालेल्या पेटीत बचाव करताना फाशावर एक पडला तर त्यांनाही मार देता यायचा, त्यामुळे लोक स्वस्तातली जहाजं ढाल म्हणून पुढे करायचे. जुन्या खेळाडूबरोबर बसणार असाल तर कुठली आवृत्ती चाललीय ते आधीच ठरवा. निम्मी भांडणं तिथूनच निघतात.

सात जण जमत असतील आणि पाठीत सुरा खुपसलेला हसून घेता येत असेल, तर डिप्लोमसी. दोघं-तिघंच असाल, फासे आवडत असतील आणि विमानं हवीच असतील, तर ॲक्सिस अँड अलाईज. त्याची ‘१९४०’ नावाची मोठी आवृत्ती पहिल्याच खेपेला घेऊ नका. त्यात हवाई तळ, नाविक तळ, तळावरून बचावाला झेपावणारी विमानं आणि दोन मार खाऊन बुडणारी विमानवाहू नौका आहे. एक मार बसला की तिच्यावर विमानं उतरत नाहीत, आणि ती लढाईला निघाली असेल तर तुमची फायटर त्या क्षणी हवेत असतात.