मेलाटोनिन, नऊ महिन्यांनंतर: गोळीला चीर का नसते?

परवा पहाटे पावणेचारला मी ओट्याशी वाकून गोळी कापत होते. कटरचं झाकण दाबलं, टक्क आवाज आला आणि अर्धी गोळी उडून शेगडीखाली गेली. मोबाइलचा टॉर्च लावून गुडघ्यांवर बसले, तिथे मोहरीचे दाणे, एक वाळकी मिरची, माझी गोळी मात्र नाही. तेव्हाच ठरवलं की आता लिहायचंच.

मेलाटोनिन म्हणजे झोपेची वेळ झाली हे शरीराला सांगणारं संप्रेरक. ते मेंदूतल्या कुठल्या ग्रंथीतून येतं वगैरे तुम्ही वाचलेलं असणारच, तेव्हा ते सोडते. माझी गरज तेवढी सांगते. मी डोंबिवलीत घरूनच अमेरिकेतल्या दवाखान्यांचं मेडिकल बिलिंग करते. उन्हाळ्यात शिफ्ट संध्याकाळी साडेसहा ते पहाटे साडेतीन. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं तासाभराने मागे गेली की साडेसात ते साडेचार. म्हणजे मी पाठ टेकते तेव्हा दूधवाल्याची सायकल गेटात शिरत असते. सहा वर्षं असंच चाललंय. झोप येत नाही असं नाही, पण आठ वाजले की डोळे टक्क उघडतात आणि मग दिवसभर चिडचिड.

डिसेंबरात नणंद अमेरिकेतल्या एडिसनहून आली. तिने सुटकेसमधून एक जाडजूड बाटली काढली. स्ट्रॉबेरीच्या चवीच्या गमी, वर ठसठशीत अक्षरांत १० मि.ग्रॅ., आणि खाली मुंगीच्या अक्षरांत ‘एक मात्रा म्हणजे दोन गमी’. तिकडे १९९४ च्या कायद्यापासून हे पूरक आहारात मोडतं, व्हिटॅमिनच्या शेजारच्या फळीवर मिळतं. ब्रिटनमध्ये याच गोष्टीला डॉक्टरांची चिठ्ठी लागते. “अगं वहिनी, हे नॅचरल आहे, सवय लागत नाही,” नणंद म्हणाली. फुकट मिळालेल्या वस्तूला मी नाही म्हणत नाही.

पहिला महिना मी घरच्या ग्रुपवर ‘जादू आहे’ असं लिहिलं होतं. ते शब्द आता मागे घेते, सगळे नाही, पण बरेचसे. पाचव्या आठवड्यापासून स्वप्नं पडायला लागली, तीसुद्धा इतकी स्पष्ट की एका स्वप्नात मी क्लेमचा नंबर चुकवला आणि उठल्यावर खरंच तपासला. अकराला जाग आली तरी डोकं ओल्या गोधडीसारखं जड. नवरा म्हणाला, “झोप वाढलीय का तुझी, की उठणं लांबलंय?” प्रश्न खोचक होता, पण बरोबर होता.

मग मी वाचायला बसले, आणि जे कळलं त्याने झोप उडायची तेवढी उडाली. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या रिचर्ड वर्टमन यांच्या गटाने नव्वदच्या दशकातच दाखवलं होतं की ०.३ मि.ग्रॅ. एवढ्याशा मात्रेनेही रक्तातली पातळी निरोगी माणसाच्या रात्रीच्या पातळीइतकी होते. शून्य पूर्णांक तीन! मी दहा घेत होते. मोबाइलवर भागाकार केला: तेहतीस. म्हणजे मी रोज रात्री एका महिन्याची गमी खात होते. मटारच्या सालांची भाजी करणारी बाई मी, आणि हे!

तेव्हापासून माझा सगळा राग एकाच जागी जाऊन बसलाय. कमी घ्यायचं तर घ्यायचं कसं? गमी सुरीला चिकटते, आठ तुकडे केले तर त्यातला एक सुरीवर राहतो आणि एक बोटावर. शिवाय गमीत औषध सगळीकडे सारखं पसरलंय याचा भरवसा काय? कॅनडात गेल्फ विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये दुकानांतली ३१ उत्पादनं तपासली. लेबलच्या तुलनेत कुठे ८३ टक्के कमी, कुठे ४७८ टक्के जास्त. आठांमध्ये सेरोटोनिन हे मेंदूवर काम करणारं दुसरंच रसायन सापडलं, ज्याचा लेबलवर उल्लेखच नव्हता. २०२३ मध्ये अमेरिकेत खास गमींचीच तपासणी झाली: २५ पैकी २२ ची लेबलं चुकीची, आणि एकीत मेलाटोनिन मुळी नव्हतंच. मी इकडे सुरीने आठवा हिस्सा मोजतेय आणि तिकडे मूळचाच पत्ता नाही.

बाटली बाजूला ठेवून कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून साध्या ३ मि.ग्रॅ.च्या गोळ्या आणल्या. दहा गोळ्यांची पट्टी ऐंशी रुपये. चिठ्ठी कोणी विचारली नाही. काउंटरवरच्या मुलाला म्हटलं, यात चीर असलेली दाखव. तो म्हणाला, “ताई, कापायची कशाला? लोक उलट दहाची मागतात.”

आता इथे मला जरा थांबून बोलायचंय. माझ्या सासूबाईंची हृदयाची झडप बदललीय, त्या रक्त पातळ करायची गोळी घेतात, वॉरफरिन. रक्ताचा रिपोर्ट आला की डॉक्टर ‘एक दिवस एक, एक दिवस अर्धी’ असं लिहून देतात. त्या गोळीला मधोमध सुरेख चीर आहे. दोन अंगठ्यांनी दाबली की सरळ दोन तुकडे, कण सांडत नाही. चष्मा न लावता त्या हे करतात. माझ्या गोळीला मात्र चीर नाही, आकार डाळीएवढा, गोल, वरून गुळगुळीत. आईंचाच कटर घेतला. दोन तुकडे होतात, पण सारखे कधीच नाहीत. चार करायला गेलं की दोन तुकडे, एक चुरा आणि एक बेपत्ता. नवरा म्हणतो, सोनाराकडे जा, त्याच्या काट्यावर मोजून देईल. घरच्या काट्याची सुई एका ग्रॅमखाली हलत नाही.

माझा संशय असा (पुरावा नाही, नुसता संशय): चीर पाडली तर दहा गोळ्यांची पट्टी चाळीस रात्री पुरेल. मग पाडेल कोण?

एक चूक सांगून ठेवते म्हणजे तुमच्याकडून होणार नाही. एप्रिलमध्ये ऑनलाइन दुसऱ्या गोळ्या मागवल्या, स्वस्त दिसल्या म्हणून. दोन रंगांच्या, दोन थरांच्या. त्याही मोठ्या उत्साहाने कापल्या. नंतर खोक्यावर वाचलं, हळूहळू विरघळणारी. अशी गोळी कापली की रात्रभर झिरपायचं ते एकदमच सुटतं. साधं मेलाटोनिन रक्तातून पाऊणएक तासात निम्मं होतं, म्हणून तर तो थराचा खटाटोप असतो. साडेतीनशे रुपये पाण्यात. त्या गोळ्या आता अख्ख्याही घेत नाही, सकाळी डोकं जड राहतं.

बरं, काम करते का? दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानांवर मी झोपेचे तास लिहिले. तीन आठवडे पुरे दहा: सरासरी पाच तास चाळीस मिनिटं. तीन आठवडे पाव गोळी, म्हणजे पाऊण मि.ग्रॅ.च्या आसपास: पाच तास पस्तीस. दोन आठवडे काहीच नाही: पाच तास दहा. मला वाटलं माझीच वही चुकतेय, पण पाळीत काम करणाऱ्यांवरच्या प्रयोगांचा कॉक्रेनचा (वैद्यकीय प्रयोग एकत्र करून तपासणारी संस्था) २०१४ चा आढावा साधारण हेच सांगतो. रात्रपाळीनंतर घेतलं तर दिवसाची झोप सरासरी चोवीस मिनिटांनी वाढते, आणि १ मि.ग्रॅ. घ्या की १० घ्या, जास्तीने जास्त फायदा होतो असं दिसत नाही. झोप लवकर लागते असंही नाही. चोवीस मिनिटं म्हणजे कुकरच्या तीन शिट्ट्या आणि वाफ जिरेपर्यंतचा वेळ. मला ती हवी आहेत, नाही कशाला म्हणू? पण ‘जादू’ नाही.

जूनमध्ये मी सातशे रुपयांचा जाड काळा पडदा लावला. त्यानंतर पाव गोळीवर सहा तास पाच मिनिटं. उजेड डोळ्यात गेला की शरीर मेलाटोनिन बनवणं आवरतं घेतं, हे तर पहिल्याच दिवशी वाचलं होतं. तरी बाथरूमची ट्यूब लावून, आरशासमोर उभी राहून, मी मेलाटोनिन गिळत होते. आता चार वाजता घरात फक्त देवघरातला झिरो बल्ब असतो. हे आधी केलं असतं तर कटरही लागला नसता कदाचित.

चहाखारीची सवयही सोडली. शिफ्ट संपली की चहात खारी बुडवून खायची आणि मग गोळी, असा माझा क्रम होता. २०२२ मध्ये स्पेनमध्ये ८४५ जणांवर एक प्रयोग झाला. मेलाटोनिनची पातळी चढलेली असताना खाल्लं तर साखर जास्त चढते, आणि काही लोकांच्या जनुकांमुळे त्यांना हे जास्तच भोवतं. माझी साखर काठावर आहे. शिवाय चहातलं कॅफीन आणि मेलाटोनिन, दोन्ही मोडायला यकृतात एकच एन्झाइम. खारी बंद, चहा रात्री बाराच्या आत.

आईंनी एकदा मागितली. “मलाही दे गं अर्धी, मी तीनपासून छताकडे बघत असते.” वय अठ्ठ्याहत्तर. युरोपात ५५ च्या वरच्या माणसांसाठीच २ मि.ग्रॅ.ची हळू विरघळणारी गोळी २००७ मध्ये मंजूर झाली, तीही जास्तीत जास्त तेरा आठवडे. म्हणजे वयाने बसत होतं. पण वॉरफरिन चालू असताना मेलाटोनिनने रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो, म्हणून आधी त्यांच्या डॉक्टरांना फोन केला. ते सरळ नको म्हणाले. आई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. नैसर्गिक आहे, नणंदेने आणलंय, मग सुनेला चालतं आणि मला का नाही?

आणि गणपतीतली गोष्ट. ही लिहायची की नाही, चार दिवस ठरत नव्हतं. दीर-जाऊ चार वर्षांच्या पोराला घेऊन आले होते. बाटली फ्रिजवर होती. मोदकांची उकड काढताना मागे बघितलं तर पुतण्या स्टुलावर उभा, गाल फुगलेले, ओठ लाल. “काकू, तुझं चॉकलेट छान आहे.” झाकण दाबून फिरवायचं असतं, पण आदल्या रात्री ते मीच नुसतं टेकवून ठेवलं होतं.

माझा चिकटपणा त्या दिवशी कामी आला. बाटलीत किती गमी उरल्यात हे मला पाठ होतं, एकेचाळीस. ओतून मोजल्या, सदतीस. चार खाल्ल्या, वीस मि.ग्रॅ. डॉक्टरांना फोनवर नेमका आकडा सांगता आला. त्यांनी ताबडतोब घेऊन यायला सांगितलं, दवाखान्यात तीन तास समोर झोपवून ठेवलं, श्वास आणि नाडी बघत राहिले. पोरगं आरती, प्रसाद, सगळं चुकवून संध्याकाळी उठलं आणि मोदक मागायला लागलं. अमेरिकेत विषबाधा केंद्रांकडे मुलांनी मेलाटोनिन खाल्ल्याच्या नोंदी २०१२ मध्ये ८,३३७ होत्या, २०२१ मध्ये ५२,५६३ झाल्या. बहुतेक मुलांना काहीच झालं नाही, पण त्या दहा वर्षांत पाच मुलांना व्हेंटिलेटर लागला आणि दोन दगावली. हे आकडे मी त्या रात्री वाचले, आधी वाचायला हवे होते. जाऊ अजून माझ्याशी जरा तुटकच बोलते, आणि तिचं चुकत नाही. औषधाला स्ट्रॉबेरीची चव कशाला द्यायची, हा माझा प्रश्न तरीही राहतोच.

बाटली फेकवत नव्हती. आठवडाभर ती गोदरेजच्या कपाटात पाटल्यांच्या शेजारी कुलपात होती. शेवटी नवऱ्याने माझ्यासमोर त्या सदतीस गमी रद्दी कागदात चहाच्या चोथ्याबरोबर गुंडाळून कचऱ्यात टाकल्या. मी बघितलं नाही.

अजून एक. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या अधिवेशनात एक अभ्यास मांडला गेला. निद्रानाशाच्या एक लाख तीस हजारांवर रुग्णांच्या नोंदी तपासल्या होत्या. वर्षभर किंवा जास्त मेलाटोनिन घेतलेल्यांत पाच वर्षांत हार्ट फेल्युअर ४.६ टक्के, न घेतलेल्यांत २.७ टक्के. लगेच घाबरू नका. ज्यांनी तिकडे दुकानातून स्वतःच घेतलं ते नोंदीत ‘न घेणारे’ म्हणूनच आले असणार, आणि ज्यांची झोप फार बिघडलेली असते त्यांचं हृदयही आधीच कुरकुरत असू शकतं. गोळीनेच झालं असं त्यातून सिद्ध होत नाही. पण ‘वर्षभर’ हा शब्द मला खुपला. माझे नऊ महिने झालेत, आणि या नऊ महिन्यांत आईंसाठी सोडता मी माझ्यासाठी एकदाही डॉक्टरांना विचारलेलं नाही. पुढच्या शनिवारची वेळ घेतलीय, वही बरोबर नेणार आहे.

पट्टीत सहा गोळ्या उरल्यात. चार तुकड्यांच्या हिशेबाने चोवीस रात्री. काल कामवाल्या मावशींनी शेगडी सरकवली तेव्हा ती अर्धी गोळी सापडली, तेलकट, एका बाजूला मोहरी चिकटलेली. “ताई, ही टाकू का?” त्यांनी विचारलं. मी पुसून डबीत ठेवलीय. सव्वीस.