काल्पनिक चॅम्पियनशिपमधे इंडोनेशियन सीट द्यायचीय? रिओ की शॉन, आणि टीम कुठली

ज्यांची स्वतःची काल्पनिक कार रेसिंग चॅम्पियनशिप चालू आहे, म्हणजे एक्सेलमधे ग्रिड, टीमची बजेटं, दर सीझनला सीटची (टीममधल्या ड्रायव्हरच्या जागेची) अदलाबदल वगैरे, आणि आता एक इंडोनेशियन ड्रायव्हर आणायचाय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. आमच्या लीगमधे मी दोन सीझन रिओ हरयांतो चालवला आणि नंतर दोन सीझन शॉन गेलाएल, त्यामुळं दोघांचं काय होतं ते जवळनं बघितलंय. आधी एकच गोष्ट बघा, तुमच्या लीगमधे सीटसाठी पैसे मोजावे लागतात की नुसत्या स्पीडवर सीट मिळते? कारण या दोघांमधला खरा फरक तिथं आहे, रेटिंगमधे नाही.

रिओ हा एफवनमधे (फॉर्म्युला वन) रेस केलेला पहिला इंडोनेशियन. सोलो शहरातला, १९९३ चा जन्म, घरचा वह्या-स्टेशनरीचा धंदा. २००९ ला फॉर्म्युला बीएमडब्ल्यू पॅसिफिक जिंकला, मग मॅनर टीमकडनं जीपीथ्री, आणि २०१५ ला जीपीटूमधे, म्हणजे एफवनच्या एक पायरी खाली, कॅम्पोस टीमकडनं तीन रेस जिंकून चॅम्पियनशिपमधे चौथा आला. आता या तीन रेस कुठल्या ते बघा, बहरीन, ऑस्ट्रिया आणि सिल्व्हरस्टोन, तिन्ही स्प्रिंट, म्हणजे दुसऱ्या दिवशीची छोटी रेस. तेव्हा स्प्रिंटच्या स्टार्टला आदल्या दिवशीच्या मेन रेसमधले पहिले आठ उलटे लावायचे, म्हणजे रिओ आदल्या दिवशी न धडपडता पहिल्या आठात यायचा आणि दुसऱ्या दिवशी पुढनं निघाला की मागं कुणाला सोडायचा नाही. तुमच्या फॉरमॅटमधे रिव्हर्स ग्रिड असेल तर रिओ घेणं शंभर टक्के वसूल आहे, आणि नसेल तर तो मधल्या फळीत राहील हे धरूनच चाला.

२०१६ ला मॅनरमधे ८८ नंबर घेऊन आला तेव्हा २३ वर्षांचा होता. गाडी ग्रिडच्या तळाची, बेस्ट फिनिश मोनॅकोला १५ वा. टीमला हवे होते दीड कोटी युरो, पर्तामिना या सरकारी तेल कंपनीनं काही भरले पण पूर्ण रक्कम काही जमली नाही, एसएमएसवरनं लोकांकडनं वर्गणी गोळा करायचासुद्धा प्रयत्न झाला. शेवटी १२ रेस झाल्यावर ऑगस्टमधे त्याला रिझर्व्ह ड्रायव्हर केलं आणि बेल्जियमपासनं त्याच्या गाडीत एस्तेबान ओकॉन बसला. मला अजून वाईट वाटतं त्याचं. पण लीग चालवणाऱ्याच्या नजरेनं बघा, यापेक्षा चांगली 'तेव्हा पैसे जमले असते तर' ची गोष्ट मिळणार नाही. बजेट सिस्टीम असेल तर रिओला अर्ध्या सीझनचेच पैसे देऊन सुरुवात करा, बाकीचे तुम्ही जमवायचे, प्रत्येक रेस आधी पोटात गोळा येतो.

शॉनचं बरोब्बर उलटं. १९९६ चा, जकार्ताचा, वडील केएफसी इंडोनेशियाचे मोठे मालक, त्यामुळं सीट जायची भीती नाही. २०१६ ला तो त्याच कॅम्पोसमधे आला जी रिओनं सोडली होती, पुढं एफटूमधे (जीपीटूचंच नवं नाव) प्रेमा टीमकडनं २०१८ ला मोनॅकोच्या मेन रेसमधे दुसरा, एफवनच्या टोरो रोसो टीमकडनं फ्रायडे प्रॅक्टिस पण केली. सिंगल सीटरमधे एवढं बघून कुणी त्याला नुसता पैसेवाला म्हणून ४०-५० रेटिंग देतात, ते मला अजिबात पटत नाही, कारण त्यांनी त्याचं एन्ड्युरन्स, म्हणजे लांब पल्ल्याच्या रेस, बघितलेलंच नसतं. २०२१ चं ल मान्स आठवा, फ्रान्समधली २४ तासांची रेस. त्याची जोटा टीमची २८ नंबर गाडी, एलएमपीटू क्लास (प्रोटोटाइप गाड्यांचा दुसरा वर्ग), शेवटच्या लॅपला पुढची ४१ नंबर गाडी ट्रॅकवरच बंद पडली आणि हे लोक ३१ नंबरच्या मागं फक्त ०.७२७ सेकंदांनी दुसरे आले, २४ तास चालवून! त्या वर्षी वर्ल्ड एन्ड्युरन्स चॅम्पियनशिपमधे आपल्या क्लासमधे दुसरा, २०२२ ला त्याच ३१ नंबरवाल्या डब्ल्यूआरटी टीमकडे गेला आणि परत दुसरा, २०२४ ला बीएमडब्ल्यू घेऊन इमोलाला एलएमजीटीथ्री हा जीटी गाड्यांचा क्लास जिंकला. म्हणजे लांब रेस, दोन-तीन ड्रायव्हरची गाडी, मल्टीक्लास (एकाच रेसमधे वेगवेगळ्या क्लासच्या गाड्या) असं काही असेल तर शॉनच घ्या, विचार करू नका.

स्वतः नवीन ड्रायव्हर बनवायचा असेल तर नावाची काळजी घ्या, आडनाव सगळ्यांना असतंच असं नाही, जावामधे नुसतं एकच नाव असलेले पण खूप. बालीचा असेल तर वायान म्हणजे घरातला पहिला, मादे दुसरा, न्योमान तिसरा, कतुत चौथा. सुमात्रातल्या बटाक समाजाचा असेल तर सिरेगर, नासुतियोन अशी कुळाची नावं येतात.

टीमचे दोन रस्ते आहेत. एक ए वन जीपीसारखी (ती देशादेशांच्या टीमची सिरीज होती) देशाची टीम, त्यात इंडोनेशिया खरोखर होती, आनंदा मिकोला चालवायचा आणि २००६ ला सेंतुल ट्रॅकवर घरची रेस पण झाली, आपली टीम इंडिया पण त्या सिरीजमधे होती. असं केलंत तर वर लाल खाली पांढरा रंग आणि गरुड, तो त्यांच्या राष्ट्रीय चिन्हावरच आहे. दुसरा रस्ता जागोन्या आयामचा, म्हणजे 'चिकनमधला उस्ताद', केएफसी इंडोनेशियाची टॅगलाईन, ती कार्लिन या ब्रिटिश टीमच्या एफथ्री (फॉर्म्युला थ्री) टीमच्या नावात लागायची. मी दुसरा घेईन, कारण त्यात युरोपातले इंजिनियर आणि जकार्ताचा पैसा दोन्ही येतात आणि बाहेरचा ड्रायव्हर पण घेता येतो, देशाच्या टीममधे तुम्ही अडकता.

घरची रेस जकार्तात ठेवायची तर आन्चोलचा फॉर्म्युला ईचा (इलेक्ट्रिक गाड्यांची सिरीज) ट्रॅक, १८ वळणं. तिथं २०२२ ला मिच एव्हान्स जिंकला, २०२३ ला पहिली रेस पास्कल व्हेर्लाइन, २०२५ ला डॅन टिक्टम. एव्हान्स आणि टिक्टम शॉनचे जुने टीममेट, व्हेर्लाइन रिओचा! आमच्या लीगमधे मी यावरनंच टीममेटची सगळी भांडणं लावली, तुम्ही पण लावा.

लोंबोक बेटावरचा मंडालिका ट्रॅक घेतलात, साधारण ४.३ किमी, १७ वळणं, तर पावसाची टक्केवारी भरपूर ठेवा. २०२२ च्या तिथल्या पहिल्या मोटोजीपी बाइक रेसला डांबराच्या काळजीनं लॅप २७ च्या २० केल्या होत्या आणि वरनं पावसानं स्टार्ट तासाच्या वर लांबला. सेंतुल जुनं आहे, १९९३ चं, फ्लॅशबॅक सीझन असेल तरच घ्या.